सावंत, लालबाग, घरचा की कडक? वेबसाइटचं नाव निवडताना

गेल्या एप्रिलमध्ये माझ्या धाकट्या आतेबहिणीने चार नावं लिहिलेला कागद माझ्यापुढे सरकवला. ती परळला राहते. मालवणी मसाला, आगळ आणि कुळथाचं पीठ विकते. आतापर्यंत सगळा धंदा व्हॉट्सअॅपवर आणि ओळखीपाळखीत. आता वेबसाइट काढायची होती. कागदावर होतं: सावंत मसाले, लालबाग मसाला, घरचा मसाला, कडक मिरची.

"दादा, यातलं एक सांग. रात्री घेऊनच टाकते."

पाट्या, कार्डं आणि वेबसाइट करणं हा माझा दादरमधला उद्योग, त्यामुळे असे कागद वरचेवर येतात. आणि माझं म्हणणं दर वेळी तेच असतं: नाव कागदावर वाचून निवडू नका, फोनवर सांगून निवडा. मुंबईत नाव तोंडी फिरतं. डोंबिवली फास्टमध्ये एक बाई दुसरीला सांगते, तिला डब्यातल्या गलक्यात अर्धंमुर्धं ऐकू येतं, आणि घरी जाऊन ती ते इंग्रजी अक्षरांत टाइप करते. खरी गोची तिथे आहे. मराठी शब्द इंग्रजीत कसा लिहायचा याचा नियम कोणीच पाळत नाही. तिच्या स्वतःच्या यादीत कोकम एका जागी शेवटी 'यू-एम' होतं, दुसऱ्या जागी 'ए-एम'.

मग तिथल्या तिथे परीक्षा घेतली. कणकवलीच्या मामांना, वाशीच्या तिच्या मैत्रिणीला आणि खालच्या वॉचमनला चारही नावं एकेकदाच सांगितली. स्पेलिंग सांगायचं नाही, पुन्हा उच्चारायचं नाही. ऐकलं तसं इंग्रजीत टाइप करून पाठवा, एवढंच.

'सावंत'मध्ये मामांनी 'व्ही' घातला, मैत्रिणीने 'डब्ल्यू'. आडनावाच्या पाटीला मुंबईत वजन आहे हे मला मान्य. गिऱ्हाईक माणूस बघून मसाला घेतं, आणि 'कोण सावंत? मालवणचे का?' या प्रश्नातच निम्मा सौदा होतो. पण आडनावाआडनावात फरक असतो. कदम, जोशी, शिंदे, पाटील यांची स्पेलिंगं रुळलेली आहेत. कोणी चुकत नाही. वाघ, सावंत, पवार, दळवी म्हटलं की दोन-दोन रूपं निघतात. शिवाय रुळलेली आडनावं नुसती मिळतच नाहीत, कधीच कोणीतरी घेऊन ठेवलेली असतात. मग पुढे 'फूड्स', 'ऑनलाइन' असली शेपटं जोडावी लागतात, आणि ऐकणाऱ्याला नेमकं शेपूटच आठवत नाही.

'लालबाग'वर माझा आधी भरवसा होता. मसाला म्हटलं की मुंबईकराच्या डोक्यात लालबागच येतं. पावसाळ्याआधी मिरच्या घेऊन तिथे कुटायला जाणाऱ्यांची रांग कोणाला सांगायला हवी! पण मामांनी शेवट 'बी-ए-जी' केला, मैत्रिणीने 'एच'सकट लिहिला, आणि आपल्याकडच्या पाट्यांवर तर 'ए-यू-जी' असतं. 'एच'वालं लालबाग सगळ्यांना बेंगळुरूच्या बागेमुळे ठाऊक. म्हणजे गिऱ्हाईक शोधायला लागलं की मसाल्याऐवजी गुलाबाची रोपं! दुसरी अडचण जागेची. जागा परवडेना म्हणून ही उद्या बदलापूरला गेली तर? आणि जागांची नावंही कायमची नसतात, एल्फिन्स्टन रोड स्टेशन २०१८ साली प्रभादेवी झालंच की. धंदा त्या गल्लीतूनच चालणार असेल, येणारं गिऱ्हाईक पायी येणारं असेल, तर जागेचं नाव जरूर घ्यावं. कुरियरने पुण्या-नाशिकला माल पाठवायचा असेल तर मी घेणार नाही.

'घरचा मसाला'त मधला 'ए' कोणी घातला, कोणी गाळला, आणि वॉचमनने सरळ 'घर का मसाला' लिहून पाठवलं. यावर अजून काय बोलायचं.

'कडक मिरची' मात्र तिघांकडून अक्षरशः एकसारखं आलं. यात कुठे ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ नाही, 'व्ही-डब्ल्यू' नाही, 'पीएच की एफ' नाही. (दिवाळीचा धंदा करणाऱ्यांनी 'फराळ' हा शब्द या एका कारणासाठी टाळावा. पहिल्या अक्षरापासून शेवटच्या 'ळ'पर्यंत तो फसवा आहे.) आणि मराठी न येणाऱ्यालाही दोन्ही शब्द कळतात. तिला ते जरा टपरीवजा वाटत होतं. मला त्यात वाईट काही दिसलं नाही.

कायद्याच्या अंगानेही हे नाव बरं. 'घरचा' आणि 'लालबाग' हे मालाचं किंवा गावाचं नुसतं वर्णन झालं. अशा शब्दांना ट्रेडमार्क मिळणं जड जातं. 'मिरची'ही वर्णनच, पण जोडनाव म्हणून थोडी आशा असते. नाव घ्यायच्या आधी ट्रेडमार्कच्या सरकारी साइटवर वर्ग ३० मध्ये शोधून घ्यावं, मसाले त्यात येतात आणि शोधायला पैसे पडत नाहीत. जुळतं नाव सापडलं तर मागे फिरा. 'एक अक्षर बदललंय की' हा युक्तिवाद आपल्याच मुंबई उच्च न्यायालयात १९९९ साली टिकला नव्हता: 'रेडिफ' या वेबसाइटच्या नावात दुसरं अक्षर 'ई'ऐवजी 'ए' करून कोणीतरी डॉट कॉम घेतलं होतं, आणि न्यायालयाने ते वापरायला मनाई केली. पुढे २००४ मध्ये 'सिफी' या इंटरनेट कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं की डोमेन नावाला, म्हणजे वेबसाइटच्या पत्त्याला, व्यापारी नावासारखंच संरक्षण आहे.

आता शेपटाचं. डॉट कॉम की डॉट इन? डॉट कॉम मोकळं असेल तर तेच, कारण नाव ऐकलं की माणसाचं बोट आपोआप तिकडे वळतं. ते गेलेलं असेल तर कोणाकडे गेलंय ते बघा. परदेशातल्या रंगाच्या कारखान्याकडे असेल तर खुशाल डॉट इन घ्या. २००५ मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं झाल्यापासून आपल्या लोकांना त्याची सवय झाली आहे. पण तिथे दुसरा मसालेवालाच बसला असेल तर नावच बदला. तुमची जाहिरात, त्याची विक्री. 'डॉट सीओ डॉट इन' मी सुचवत नाही. सांगताना लांब, आणि लिहिणारे मधला 'सीओ' हमखास खातात. नावात आडवी रेघही नको. "मध्ये डॅश आहे हं, खालची नाही, मधली" हे वाक्य दिवसातून दहादा म्हणायची तयारी असेल तर गोष्ट वेगळी.

राहिलं देवनागरीतलं 'डॉट भारत'. २०१४ पासून ते मिळतं, आणि पाटीवर इतकं देखणं दिसतं की मोह होतो. पण मुख्य नाव म्हणून अजून नको. त्यावरचा ईमेल पत्ता अनेक फॉर्म घेत नाहीत, आणि काही ठिकाणी ते नाव आपल्या लिपीत न दिसता 'एक्स-एन'ने सुरू होणारी इंग्रजी अक्षरांची खिचडी होऊन येतं. शिवाय तिथेही 'मिरची' की 'मिर्ची' आहेच. वरकड पैसे असतील तर जादा नाव म्हणून घ्यावं आणि मुख्य साइटकडे वळवून द्यावं.

पैशांचं एवढंच: पहिल्या वर्षाची 'ऑफर' बघू नका, दुसऱ्या वर्षाचं नूतनीकरण किती ते बघा. वर १८ टक्के जीएसटी. आणि नाव स्वतःच्याच ईमेलवर, स्वतःच्याच मोबाइल नंबरवर घ्या. बोरिवलीच्या माझ्या एका ग्राहकाचं डोमेन साइट बनवणाऱ्या मुलाच्या खात्यात होतं. मुलगा नोकरी बदलून गेला, मुदतीची पत्रं त्याच्या बंद पडलेल्या ईमेलवर जात राहिली. एका सोमवारी साइट उघडेना. डॉट कॉमचं नाव असं पूर्ण सुटलं की जुन्या मालकाला ते परत घ्यायला ३० दिवस मिळतात, पण दंड भरून. तो दंड नावाच्या वर्षाच्या फीच्या कितीतरी पट होता. त्यांनी मुकाट्याने भरला, कारण पाच हजार पिशव्यांवर तेच नाव छापून ठेवलेलं होतं.

रात्री साडेदहाला बहिणीचा मेसेज आला, 'घेतलं. पाच वर्षांसाठी.' पाठोपाठ सासूबाईंचा निरोप: आपलं नाव कुठंय त्यात? दुसऱ्या दिवशी लेबलाचा नमुना केला तेव्हा वर मोठ्या अक्षरांत कडक मिरची आणि खाली, वजन-किमतीच्या वर, 'सावंतांकडचा मसाला' अशी ओळ घातली. मराठीत. स्पेलिंगचा प्रश्नच नाही.