डीओएजे: जर्नल पीअर रिव्ह्यूड आहे का, हे तपासायला कितपत कामाचं?

मान्य जर्नल्सची ‘केअर’ यादी बंद केल्याचं यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर केलं आणि ‘हे जर्नल पीअर रिव्ह्यूड आहे का?’, म्हणजे त्यातले लेख छापण्याआधी त्या विषयातल्या तज्ज्ञांकडून तपासले जातात का, हा प्रश्न थेट संशोधकाच्या गळ्यात आला. गूगल स्कॉलरचा इथे उपयोग नाही. त्यात पीअर रिव्ह्यूचा फिल्टरच नाही. प्रबंध, परीक्षणाआधीच टाकलेले प्रीप्रिंट, परिषदेतले पेपर, सगळं एकाच रांगेत येतं. फुकट साधनांत भरवशाचं म्हणावं ते डीओएजे, म्हणजे डिरेक्टरी ऑफ ओपन ॲक्सेस जर्नल्स: कुणालाही फुकट वाचता येणाऱ्या, म्हणजे मुक्त जर्नल्सची सूची. २००३ साली स्वीडनच्या लुंड विद्यापीठात ही सूची सुरू झाली. लॉगिन लागत नाही.

जर्नलच्या नावाने शोधू नका. ‘इंटरनॅशनल जर्नल ऑफ’ने सुरू होणारी मिळतीजुळती नावं ढिगाने आहेत. आयएसएसएन, म्हणजे जर्नलचा ओळख क्रमांक, टाका: चार आकडे, मधे रेघ, पुन्हा चार, शेवटी कधी आकड्याऐवजी एक्स. छापील आणि ऑनलाइन आवृत्तीचे क्रमांक वेगळे असतात, एकाने सापडलं नाही तर दुसरा घालून बघा. शोध ‘जर्नल्स’वर ठेवा, ‘आर्टिकल्स’वर नको. लेखांची माहिती प्रकाशकांनी चढवायची असते आणि सगळे ती चढवत नाहीत. त्यामुळे लेख मिळाला नाही म्हणजे जर्नल यादीत नाही, असं समजू नका.

खरा माल जर्नलच्या पानावर आहे. रिव्ह्यूचा प्रकार तिथे स्पष्ट लिहिलेला असतो. ‘डबल अनॉनिमस’ म्हणजे लेखक आणि परीक्षक दोघांनाही एकमेकांची नावं कळत नाहीत. ‘एडिटोरियल रिव्ह्यू’ दिसलं तर जरा थांबा: ती संपादकांनीच केलेली तपासणी, आणि सूचीत ती फक्त कला व मानव्यविद्यांच्या जर्नल्सना चालते. लेख पाठवल्यापासून छापून येईपर्यंतचे सरासरी आठवडे आणि लेखकाकडून घेतलं जाणारं शुल्कही तिथेच. आठवडे दोन-तीनच असतील तर परीक्षण, दुरुस्त्या, पुन्हा वाचन एवढं त्यात कसं बसलं?

जर्नलची साइट उघडायची तीही याच पानावरच्या लिंकवरून. नाव आणि आयएसएसएन चोरून थाटलेल्या नकली साइटी असतात, आणि क्रमांक खरा असल्यामुळे माणूस फसतो. सूचीतून काढलेल्या जर्नल्सची यादी कारणांसकट सगळ्यांना बघता येते, ही मात्र डीओएजेची सगळ्यात उजवी बाजू.

पण सूची जर्नलबद्दल सांगते, हातातल्या लेखाबद्दल नाही. संपादकीय, पुस्तक परीक्षण, वाचकांची पत्रं पीअर रिव्ह्यूड जर्नलमध्येही बाहेरच्या परीक्षकांकडे न जाताच छापली जातात. गाईडकडून संदर्भ परत येतात ते बऱ्याचदा इथेच. पीडीएफचं पहिलं पान बघा. वर ‘रिसर्च आर्टिकल’ आहे का? खाली तारखा असतील तर त्या वाचा. ‘रिसीव्ह्ड १२ मार्च, ॲक्सेप्टेड १४ मार्च’ आणि मधे ‘रिव्हाइज्ड’ नाहीच, असा लेख संदर्भांत घेऊ नये.

आणि वर्गणीची जर्नल्स इथे मिळणारच नाहीत, ही सूचीच मुक्त जर्नल्सची. ती न दिसणं हा त्यांचा दोष नव्हे. त्यांच्यासाठी ग्रंथालयात उलरिच्सवेब ही जर्नल्सची सूची आहे का विचारा. आयएसएसएन टाकल्यावर नावाशेजारी रेफ्रीची काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची जर्सी दिसली, की ते जर्नल रेफ्रीड, म्हणजेच पीअर रिव्ह्यूड.