भारतीय पासपोर्ट + ग्रीन कार्ड की परदेशी पासपोर्ट + ओसीआय? कोल्हापुरात घरदार असणाऱ्यांसाठी तुलना

पहिलं एक क्लिअर करूया, कारण राजारामपुरीपासून गंगावेशीपर्यंत जो तो सांगत असतो की आमच्या पोराकडं आता दोन देशांचं नागरिकत्व आहे. नाही हो. भारत दुहेरी नागरिकत्व देतच नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणे तुम्ही स्वतःहून दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं आपोआप संपलं, अर्ज करा नाहीतर करू नका. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया यांना तुमचा जुना पासपोर्ट चालतो, जर्मनीला पण जून २०२४ पासून चालायला लागलाय, पण त्यांना चालून काय उपयोग, आपल्याला चालत नाही ना. ओसीआय म्हणून जे निळं बुक मिळतं ते २००५ च्या दुरुस्तीनंतर आलंय आणि ते नागरिकत्व नाही, तो आयुष्यभराचा व्हिसा आहे आणि वर थोड्या सवलती आहेत, एवढंच.

म्हणजे खरा चॉइस दोनच गोष्टींतला. एक, भारतीय पासपोर्ट तसाच ठेवायचा आणि तिकडं ग्रीन कार्ड किंवा पीआरवर, म्हणजे कायम राहण्याच्या परवानगीवर, राहायचं. दोन, तिकडचा पासपोर्ट घ्यायचा आणि ओसीआय काढायचं. आमच्या घरात दोन्ही नमुने आहेत, ताई अमेरिकन झाली आणि मावसभाऊ अजून ग्रीन कार्डवर आहे, त्यामुळं दोन्हीकडची कटकट मला जवळनं बघायला मिळते आणि दिवाळीला दोघं एकत्र आली की जेवणं राहतात बाजूला आणि हीच चर्चा. मी जास्त अमेरिकेबद्दल लिहितोय, बाकी देशांचं जिथं वेगळं आहे तिथं सांगतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो, ऐकायला उलटं वाटेल. ज्याला म्हाताऱ्या आईवडिलांसाठी कोल्हापुरात लांब मुक्काम करावा लागणार आहे, पण तिकडचं घर, नोकरी, पोरं पण सोडायची नाहीत, त्यानं परदेशी पासपोर्ट घ्यावा. भावनेनं बघितलं तर वाटतं की गावाशी नातं ठेवायचं तर निळा भारतीय पासपोर्ट पाहिजे, पण कागदावर नेमकं उलटं आहे.

का ते बघा. ग्रीन कार्ड म्हणजे तिकडं राहण्याची परवानगी, आणि तुम्ही तिकडं राहत नाही असं दिसलं की ती परवानगी ढिली होते. सहा महिन्यांच्या वर बाहेर राहिलात की परत जाताना एअरपोर्टवर प्रश्न सुरू, कुठं होता, घर कुठाय, टॅक्स भरला का. सलग वर्ष झालं आणि रीएंट्री परमिट नसेल तर ते कार्ड घेऊन परत आत जाता येत नाही, वेगळा खटाटोप. रीएंट्री परमिट जास्तीत जास्त दोन वर्षांचं मिळतं, पण अर्ज करताना तुम्ही अमेरिकेत हजर पाहिजे, इथं सीपीआर या सरकारी दवाखान्यात नाहीतर शाहूपुरीतल्या हॉस्पिटलात वडिलांच्या उशाशी बसून तो अर्ज करता येत नाही. मावशीचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा मावसभाऊ आला, ऑपरेशन झालं, मग फिजिओथेरपी, मग दुसऱ्या पायाला सूज, आणि हा रोज रात्री कॅलेंडर उघडून महिने मोजत बसायचा. मावशी बरी झाली पण शेवटी तो निघून गेला आणि कामाला बाई ठेवली. ताईला हा प्रश्नच नाही. ओसीआयवर भारतात कितीही दिवस राहा, पोलिसांत किंवा एफआरआरओत, म्हणजे परदेशी लोकांच्या नोंदणी कार्यालयात, नोंद करायला लागत नाही, आणि अमेरिकन नागरिक असल्यामुळं परत कधीही जाता येतं, कोण विचारत नाही की एवढे दिवस कुठं होता.

देशाप्रमाणं हे बदलतं हां. ब्रिटनचं आयएलआर, म्हणजे तिथली कायम राहण्याची परवानगी, सलग दोन वर्षं बाहेर राहिलात तर जातं, त्यामुळं तिथं जरा श्वास घ्यायला जागा आहे. कॅनडाच्या पीआरला पाच वर्षांत ७३० दिवस तिथं असावं लागतं, म्हणजे निम्म्याहून जास्त वेळ बाहेर काढता येतो. जर्मनीत साधारण सहा महिन्यांचाच हिशोब आहे. तेव्हा टोरंटोवाल्यानं घाई करायचं कारण नाही पण न्यू जर्सीवाल्यानं विचार करावा, आणि तो आईवडील धडधाकट असतानाच करावा, कारण अमेरिकेचं नागरिकत्व मागायला ग्रीन कार्डनंतर साधारण पाच वर्षं लागतात, लग्न अमेरिकन नागरिकाशी असेल आणि संसार एकत्र असेल तर तीन, आणि त्या पाचातली निम्मी तरी प्रत्यक्ष तिथं काढलेली पाहिजेत. मधेच लांब मुक्काम झाला की मीटर परत मागं.

फिरण्याचं फार लिहीत नाही, ते उघड आहे. अमेरिकन पासपोर्टवर युरोपात शेंगेन गटातल्या देशांत १८० दिवसांत ९० दिवस व्हिसाशिवाय जाता येतं, भारतीय पासपोर्टवर दर वेळी अपॉइंटमेंट, बँक स्टेटमेंट, हॉटेल बुकिंग आणि मग वाट बघा. ग्रीन कार्डचा एवढा फायदा की कॅनडा आणि मेक्सिकोला व्हिसा लागत नाही. उलट भारतातल्या भारतात ओसीआयवाल्याला सिक्कीमसारख्या भागात जायला परमिट लागतं, आपण सहलीला जातो तसं उठून जाता येत नाही. बाकी विमानाचं देशांतर्गत भाडं आणि किल्ले, म्युझियम, अभयारण्यांची तिकिटं ओसीआयला भारतीयांच्याच दरात, हे लिहिलेलं आहे, तरी गेटवरच्या माणसाला माहीत नसतं म्हणून बुक बरोबर ठेवा, फोटो दाखवून वाद घालू नका. मुंबईच्या एअरपोर्टवर इमिग्रेशनची रांग टाळायला जे ई-गेट झालेत त्याची नोंदणी दोघांनाही करता येते.

आता शेती. कोल्हापुरात हा विषय निघाल्याशिवाय पासपोर्टचा विषय संपतच नाही.

करवीर, कागल, शिरोळ, कुठल्याही तालुक्यात जा, एक भीती सगळ्यांना आहे की पोरानं पासपोर्ट बदलला की सातबाऱ्यावरचं नाव उडणार, ऊस दुसऱ्याचा होणार. तसं काही नाही. वारसानं आलेली शेती ओसीआयवाल्याला मिळते, ठेवता येते, तलाठ्याकडं वारस नोंद होते. विकत घ्यायची म्हटली तर मात्र मिळत नाही. आणि इथंच लोक फसतात, कारण त्यांना वाटतं की भारतीय पासपोर्ट ठेवला तर घेता येईल. परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकाला, म्हणजे एनआरआयला पण फेमा या परकीय चलनाच्या कायद्याखाली शेतजमीन, मळा, फार्महाऊस विकत घेता येत नाही. फ्लॅट, दुकान, एनए म्हणजे बिगरशेती प्लॉट दोघांना चालतं, शेती दोघांना चालत नाही. म्हणजे निव्वळ शेतीसाठी पासपोर्ट धरून ठेवलाय असं जो सांगतो त्याला तिकडं राहत असेपर्यंत त्याचा काडीचा फायदा नाही. फरक पडतो तो कायमचं परत आल्यावर. भारतीय पासपोर्टवाला परत येऊन इथला रहिवासी झाला, आणि शेतकरी असल्याचा पुरावा असला, तर तो इतरांसारखाच जमीन घेऊ शकतो. ओसीआयच्या सवलतींतनं शेती मुळातच वगळलेली आहे.

एक बारीक गोष्ट जी आमच्या इथं सारखी चुकते. वडील म्हणतात, मी जिवंत आहे तोवर नावावर करून टाकतो, भानगड नको, आणि बक्षीसपत्र करायला निघतात. परदेशातल्या मुलाला शेती बक्षीस देता येत नाही, तो एनआरआय असो नाहीतर ओसीआय. फ्लॅट देता येतो, शेती नाही. त्यासाठी मृत्युपत्र करा, रजिस्टर करा, वारसानं येऊ दे. वडिलांना हे सांगणं अवघड आहे हे मान्य, पण वकिलाला पुढं करा. आणि तिकडनं मुखत्यारपत्र पाठवायचं झालं तर ते इथं पोचल्यापासून तीन महिन्यांत स्टॅम्प करून घ्यायचं असतं, कपाटात ठेवून विसरायचं नाही. हे दोन्ही पासपोर्टना सारखंच.

उसाच्या बिलाबद्दल पण दोघांना सारखंच दुखणं आहे. भारतात शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, अमेरिकेला त्याच्याशी देणंघेणं नाही, ती जगभरचं उत्पन्न विचारते, आणि ग्रीन कार्डवाल्यालाही विचारते. इथल्या सगळ्या खात्यांची बेरीज वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली की ती माहिती पण तिकडं द्यायची. तेव्हा टॅक्स वाचवायला नागरिकत्व घेतलं नाही असं कोण सांगत असेल तर हसून सोडून द्या.

मग भारतीय पासपोर्ट सोडून नक्की जातं काय? मत जातं. एनआरआयला फॉर्म ६ए भरून मतदार यादीत नाव लावता येतं, फक्त मतदानाला स्वतः बूथवर यावं लागतं, पासपोर्ट घेऊन. ओसीआयला मतदान नाही, निवडणुकीला उभं राहणं नाही, सरकारी नोकरी नाही. आता आपल्याकडं साध्या दूध संस्थेच्या निवडणुकीला सुद्धा रात्र रात्र जागणारी माणसं आहेत, त्यातल्या कोणाला ग्रामपंचायतीला उभं राहायची हौस असेल तर त्यानं परदेशी पासपोर्टचा नादच करू नये. आणि ज्यानं घेतलाय त्यानं गावच्या यादीतलं नाव काढून टाकावं, "राहू दे की, कोण बघतंय" असं सगळे म्हणतात, पण परदेशी नागरिकाचं नाव यादीत असणं बेकायदा आहे. जुन्या भारतीय पासपोर्टवर प्रवास करणं तर पासपोर्ट कायद्याखाली गुन्हा, दंड बसतो.

आधारचं पण बघून ठेवा. भारतीय पासपोर्टवाला एनआरआय इथं आल्यावर थांबायची अट न ठेवता आधार काढू शकतो, ओसीआयवाल्याला मागच्या बारा महिन्यांत १८२ दिवस इथं राहिलेलं दाखवावं लागतं. छोटी गोष्ट वाटते, पण इथं प्रत्येक कामाला पहिला प्रश्न आधार आहे का हाच असतो.

सगळ्यात मोठा फरक मुलांच्या शिक्षणात. ४ मार्च २०२१ च्या नोटिफिकेशननंतर ओसीआय मुलांना नीट, जेईईच्या प्रवेशाला एनआरआय कोट्यातल्या किंवा जादा म्हणून ठेवलेल्या जागाच मिळतात, जनरल जागांवर हक्क नाही. सुप्रीम कोर्टानं २०२३ मध्ये सांगितलं की त्या तारखेच्या आधी ओसीआय झालेल्यांना हे लागू नाही, पण आज जे काढणार आहेत त्यांना लागू आहे. एनआरआय कोट्याची मेडिकलची फी काय असते ते इथं कोणालाही विचारा, घर विकायचं काम आहे. तेव्हा चार-पाच वर्षांत परत यायचंय आणि पोरगी इथं डॉक्टर व्हावी अशी इच्छा असेल, तर तुम्ही भारतीय पासपोर्ट सोडू नका, हे मी बिनधास्त सांगेन. दुसरं म्हणजे आईबापानं रीतसर अर्ज करून नागरिकत्व सोडलं की कायद्यानं अठराच्या आतल्या मुलाचंही जातं, पोरगं इथं कोल्हापुरात जन्मलेलं असलं तरी. अठरा पूर्ण झाल्यावर एका वर्षाच्या आत त्याला परत मागता येतं, नंतर तो दरवाजा बंद. पण दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतल्यामुळं आईबापाचं आपोआप संपलं असेल तर मुलाला ही परत मागायची सवलत नाही, असं सुप्रीम कोर्टानं २०२४ मध्ये सांगितलंय. तिकडं जन्मलेल्या बाळाचं वेगळं, त्याला भारतीय ठेवायचं तर वर्षाच्या आत वकिलातीत नोंद करायची आणि त्याच्याकडं दुसरा पासपोर्ट नाही असं लिहून द्यायचं, जे अमेरिकेत जन्मलेल्या पोराच्या बाबतीत फार कमी लोक करतात.

परतीचा रस्ता आहे का? आहे, पण लांबचा. ओसीआय होऊन पाच वर्षं झाली आणि अर्जाआधी बारा महिने भारतात राहिलात तर भारतीय नागरिकत्व परत मागता येतं, तेव्हा तिकडचं सोडायचं. आणि ओसीआय रद्द पण होऊ शकतं, ऑगस्ट २०२५ पासून तर दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा झाली किंवा सात वर्षं शिक्षेच्या गुन्ह्यात चार्जशीट झाली तरी. साध्या माणसाला याचं टेन्शन नको, पण जमिनीच्या भांडणात फौजदारी केस ठोकायची आपल्याकडं पद्धत आहे, म्हणून माहीत असू दे.

शेवटचं, नागरिकत्व घ्यायचं ठरलंच तर तारखांचं नियोजन करा. शपथ घेतली त्या दिवसापासून भारतीय पासपोर्ट वापरायचा नाही, मग अमेरिकन पासपोर्ट येईपर्यंत थांबा, मग भारतीय पासपोर्ट सरेंडर करून ते सर्टिफिकेट घ्या, मग त्याच्यावर ओसीआयचा अर्ज, तिकडं २७५ डॉलर आणि इथं १५,००० रुपये. इथं अर्ज करायचा म्हणजे मुंबईला एफआरआरओ, महालक्ष्मी एक्स्प्रेसचं तिकीट काढा. हे सगळं व्हायला महिने जातात, आणि मधल्या काळात घरी काही झालं तर अमेरिकन पासपोर्टवर ई-व्हिसा काढून यावं लागतं. ताईची शपथ नेमकी गणपतीच्या तोंडावर आली होती आणि त्या वर्षी तिनं आरती व्हिडिओ कॉलवर केली, तेव्हा तारीख हातात असली तर सणानंतर ढकला.