मॅस्टोडॉनवर अकाउंट काढावं का? वापरून झाल्यावरचं माझं मत

ओळखीतले बरेच जण विचारतात की मॅस्टोडॉन या अजून एका सोशल साइटवर जायचं म्हणजे अजून एक पासवर्ड आणि अजून एक नोटिफिकेशनची कटकट, त्यात नवीन काय मिळणारे? म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. आधी थेट उत्तर: शाळेचा ग्रुप, नातेवाईक, जुने मित्र शोधायला जाणार असाल तर नका जाऊ, ते तिथे नाहीयेत. पण एखादा विषय डोक्यात घोळत असेल, म्हणजे पक्षी, लिनक्स, विणकाम, खगोलशास्त्र, जुने नकाशे असं काहीही, आणि त्यावर बोलणारी माणसं हवी असतील तर जरूर जा. फक्त सुरुवातीचा कंटाळा सहन करायची तयारी ठेवा.

हा कंटाळा फार महत्त्वाचा आहे कारण निम्मे लोक तिथेच गळतात. बाकीच्या साइट्स तुम्ही आलात की लगेच काहीतरी चटपटीत वाढून ठेवतात, तुम्ही कोणाला फॉलो करो न करो. इथे होम फीडमध्ये तुम्ही फॉलो केलेली माणसं आणि हॅशटॅग एवढंच दिसतं, तेही वेळेच्या क्रमाने, नवीन वर आणि जुनं खाली, बास. कोणालाच फॉलो केलं नाही तर फीड कोरं. मग लोक म्हणतात "इथे कोणीच नाही" आणि जातात. अहो माणसं आहेत, पण ती तुमच्या पुढ्यात कोणी आणून ठेवणार नाही, हॅशटॅगने शोधायची, बडबड आवडली की फॉलो करायचं, ती कोणाच्या पोस्ट बूस्ट करतात (म्हणजे आपल्या फॉलोअर्सना पुढे पाठवतात) ते बघून पुढची शोधायची. ट्रेंडिंग पोस्ट एका वेगळ्या पानावर दिसतात, सुरुवातीला त्याचा आधार होतो. शंभरेक जणांना फॉलो करेपर्यंत मत बनवू नका असं मी सगळ्यांना सांगते.

आता सर्व्हरची भानगड, जिथे बाकीचे निम्मे गळतात. २०१६ मध्ये युजेन रोचको या जर्मन प्रोग्रामरने मॅस्टोडॉन सुरू केलं, आणि यात एक कंपनी एक साइट असा प्रकारच नाही. हजारो वेगवेगळे सर्व्हर, म्हणजे आपलं अकाउंट जिथे राहतं त्या जागा, प्रत्येकाचा मालक वेगळा, नियम वेगळे, आणि ते आपापसात बोलतात, जसं एका कंपनीच्या ईमेलवरून दुसऱ्या कंपनीच्या ईमेलवर मेल जाते तसं. त्यासाठीची जी पद्धत आहे ती अ‍ॅक्टिव्हिटीपब, जिला २०१८ मध्ये वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने स्टँडर्ड म्हणून मान्यता दिली. याचा फायदा असा की मेटाच्या थ्रेड्स या साइटवरच्या ज्या लोकांनी आपल्या पोस्ट बाहेरही दाखवायची सेटिंग चालू केलीये त्यांनाही मॅस्टोडॉनवरून फॉलो करता येतं, थ्रेड्सचं अकाउंट न काढता.

सर्व्हर कुठला निवडायचा यावर लोक इतका विचार करतात की अकाउंट काढायचंच राहून जातं. माझं मत, फार डोकं लावू नका. मॅस्टोडॉनचं स्वतःचं अ‍ॅप तुम्हाला मॅस्टोडॉन डॉट सोशल सुचवतं, ते मोठं आहे, चालतं. आवडीच्या विषयाचा छोटा सर्व्हर मिळाला तर अजून छान, तिथल्या लोकल टाइमलाइनवर (फक्त त्या सर्व्हरवरच्या लोकांच्या पोस्ट) आपल्यासारखी माणसं लगेच दिसतात. पण छोट्या सर्व्हरवर जायचं तर तीन गोष्टी बघाच: नियम लिहिलेत का, चालवणारा एकटाच आहे का, आणि खर्च कुठून येतो. हे सर्व्हर बरेचदा एखाद्या हौशी माणसाच्या खिशातून किंवा देणग्यांवर चालतात, आणि हौस संपली की बंदही पडतात. मॅस्टोडॉनच्या अधिकृत यादीतले सर्व्हर एवढं तरी कबूल करतात की रोज बॅकअप घेऊ, अजून एका माणसाकडे किल्ल्या असतील आणि बंद करायचं झालं तर ३ महिने आधी सांगू. यादीबाहेरच्याची अशी काही हमी नाही.

आणि याच मुद्द्यासाठी मी मॅस्टोडॉनला बाकीच्यांपेक्षा जास्त मार्क देते. कुठल्याही साइटवर जायच्या आधी मी एकच बघते, उद्या निघायचं झालं तर काय काय मागे राहील. ऑर्कुट २०१४ मध्ये बंद झालं, गुगल प्लस २०१९ मध्ये, आणि मायस्पेसने तर २०१९ मध्ये सांगून टाकलं की सर्व्हर हलवताना लोकांनी १२ वर्षांत चढवलेली गाणी गेली. तिथे जोडलेली माणसं त्या साइटसोबतच गेली, कारण यादी त्यांच्याकडे होती, आपल्याकडे नाही. मॅस्टोडॉनवर एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर जाता येतं आणि फॉलोअर्स आपोआप नव्या अकाउंटकडे वळतात, आपण ज्यांना फॉलो करतो ती यादी, ब्लॉक केलेले लोक, बुकमार्क हे सगळं फाइल म्हणून काढून नवीन जागी टाकता येतं. फक्त पोस्ट येत नाहीत, त्या जुन्या जागीच राहतात. त्यांचा संग्रह डाउनलोड करून ठेवता येतो पण नव्या अकाउंटवर चढवता येत नाही. आणि सर्व्हर अचानक गायब झाला तर फॉलोअर्सही हलवता येत नाहीत, कारण हलवायची सुरुवात जुन्या अकाउंटवरूनच करावी लागते, म्हणून ती ३ महिन्यांची नोटीस महत्त्वाची.

वापरायला कसंय? पोस्टला ५०० अक्षरं मिळतात, ब्लूस्काय या दुसऱ्या सोशल साइटच्या ३०० पेक्षा बरी, वाक्य मोडावं लागत नाही. जाहिराती नाहीत. पोस्ट एडिट करता येते आणि आधी काय होतं ते इतरांना दिसतं, हे मला फार आवडलं. लाइक केल्याने पोस्ट तुमच्या फॉलोअर्सकडे जात नाही, लिहिणाऱ्याला आवडल्याचं कळतं, पसरवायची तर बूस्टच करावं लागतं. त्यामुळे होतं काय की भांडण पेटवणाऱ्या पोस्टला फुकटचं रॉकेल मिळत नाही, पण मान्य करते की व्हायरल व्हायची हौस असेल तर तुमची निराशा होणार. कोट पोस्टची (दुसऱ्याची पोस्ट जोडून वर आपलं म्हणणं लिहायची) सोय यायला २०२५ उजाडलं, तीही अशी की आपली पोस्ट कोणी कोट करायची हे मूळ लिहिणाऱ्याच्या हातात. फोटोला वर्णन लिहायची तिथे पद्धतच आहे, न लिहिल्यास कोणीतरी येऊन सांगतं, कधी गोड शब्दात कधी नाही. हा शिस्तीचा सूर काहींना जाचतो, मलाही अधूनमधून जाचतो.

डोकं फिरवणाऱ्या गोष्टीही आहेत. दुसऱ्या सर्व्हरवरच्या माणसाचं प्रोफाइल उघडलं तर बरेचदा जुन्या पोस्ट दिसतच नाहीत, कारण त्या तुमच्या सर्व्हरपर्यंत कधी आलेल्याच नसतात, मग त्याच्या मूळ सर्व्हरवर जाऊन बघा. शब्द टाकून सर्च केलं तर ज्यांनी परवानगी दिलीये त्यांच्याच पोस्ट सापडतात. आणि खाजगी मेसेज! ते एंड टू एंड एन्क्रिप्टेड नाहीत, सर्व्हर चालवणाऱ्याला वाचता येऊ शकतात. वर अजून एक सापळा, खाजगी मेसेजमध्ये तिसऱ्या कोणाचं हँडल (अकाउंटचं नाव) @ लावून लिहिलंत तर तो माणूसही त्या संभाषणात येतो, म्हणजे ज्याच्याबद्दल कुजबुजताय त्यालाच आमंत्रण. खाजगी बोलायला दुसरं काहीतरी वापरा.

एक प्रश्न हमखास येतो, मालक इतके सगळे तर घाण कोण साफ करतं? प्रत्येक सर्व्हर आपापली. न पटणारा अख्खा सर्व्हरच ब्लॉक करता येतो, २०१९ मध्ये गॅब नावाची कट्टर उजव्यांची साइट मॅस्टोडॉनचाच कोड घेऊन आली तेव्हा बऱ्याच सर्व्हरनी तिला सरळ तोडून टाकलं. उलट बाजूने, तुमच्या सर्व्हरच्या चालकाने एखादा सर्व्हर तोडला तर तिथली तुमची चांगली माणसंही गेली. म्हणून कोणाला ब्लॉक केलंय ती यादी, सर्व्हरच्या माहितीच्या पानावर दिली असेल तर, अकाउंट काढायच्या आधीच बघून घ्या.

धंद्याचं पेज चालवायचंय, नोकरी शोधायचीये असं असेल तर इथे वेळ घालवू नका, नोकरीला लिंक्डइन आहेच. पाच पैकी द्यायचे तर वाचायला साडेचार, गप्पांना चार, ओळखीची माणसं सापडायला एक. गेलातच तर पहिली पोस्ट स्वतःच्या ओळखीची टाका, आवडीचे विषय हॅशटॅग लावून लिहा, कारण लोक तुम्हाला त्यावरूनच शोधणार, आणि जो दिवसभर बूस्टच करत बसतो त्याला अनफॉलो करायची गरज नाही, त्याच्या प्रोफाइलवर फक्त बूस्ट लपवायचा पर्याय आहे तो दाबा.