जळालेल्या जखमेवर काय लावायचं: जाळीदार कलम की वाढवलेली त्वचा?

शक्य असेल तिथे पहिली पसंती जाळीदार कलमालाच. मांडीवरून सुमारे 0.3 मिमी जाडीचा पापुद्रा काढून यंत्रातून छिद्रं पाडली, की तो ताणून मोठी जखम झाकतो. त्यात अंतस्त्वचेचा (वरच्या त्वचेखालच्या बळकट भागाचा) थर असतो, म्हणून टिकतो.

पण निम्म्याहून जास्त शरीर भाजलं, तर काढायला कातडीच पुरत नाही. तिथे वाढवलेली त्वचा, म्हणजे पेशींची चादर कामी येते: रुग्णाच्याच कातडीच्या टपाल तिकिटाएवढ्या तुकड्यातून प्रयोगशाळेत साधारण तीन आठवड्यांत वाढवलेली. ऱ्हाइनवाल्ड आणि ग्रीन या शास्त्रज्ञांनी 1975 मध्ये या पेशीवाढीची पद्धत मांडली. मात्र चादर जेमतेम काही पेशींइतकी जाड. रुग्णाने कूस बदलताना घासली तरी सुटते, जंतुसंसर्गात विरघळते, पुढे फोडही येतात. कारण खाली अंतस्त्वचा नसते. ती आधी तयार करून मगच चादर अंथरावी.