दिवाळीत घेतलेला लॅपटॉप आणि बिलावर नसलेला सिरियल नंबर

हा रिव्ह्यू लॅपटॉपचा कमी आणि तो जिथून घेतला त्या ब्रँड शोरूमचा जास्त आहे. मशीन १४ इंची, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, म्हणजे सध्या ऑफिसच्या कामासाठी सगळे घेतात तेच. स्पेसिफिकेशन सगळीकडे मिळतात, त्यात वेळ घालवत नाही. कंपनीचं आणि दुकानाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. माझ्याकडे रिटर्न भरायला येणाऱ्या व्यापाऱ्यांनी वेगवेगळ्या ब्रँडच्या दुकानांबद्दल मला हेच सांगितलंय, त्यामुळे एकाच नावावर खापर फोडून उपयोग नाही.

मी कोल्हापुरात जीएसटी आणि इन्कम टॅक्सची कामं करते. दर महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीच्या बिलांचं रिटर्न, आणि २० तारखेला ३बी, म्हणजे कर भरायचं रिटर्न. त्या आठवड्यात मशीन बंद पडलं तर लोकांना लेट फी बसते. म्हणून ऑनलाइन दोन-तीन हजारांनी स्वस्त मिळत असूनही कंपनीच्या एक्सक्लुझिव्ह शोरूममधून घेतला. उद्या काही झालं तर निदान जाऊन उभं राहायला जागा असेल, एवढाच हिशोब. त्या दोन-तीन हजारांत मी काय विकत घेतलं, त्याचा हा अनुभव.

आधी मशीनबद्दल. कीबोर्ड उत्तम आहे, सलग चार-पाच तास एंट्री केली तरी बोटं दुखत नाहीत. नमपॅड नाही, तो वेगळा घ्यावा लागला. टॅली, एक्सेल आणि पोर्टलचे ढीगभर टॅब एकत्र उघडे असले तरी अडकत नाही. बॅटरी माझ्या वापरात पाच-सहा तास जाते. मे महिन्यात फॅनचा आवाज वाढतो. या किमतीत तक्रार करावी असं बाकी काही नाही.

जुलैमध्ये ३बीच्या गडबडीत डाव्या बाजूचं हिंज, म्हणजे झाकणाची बिजागरी, सुटलं. झाकण उघडताना कट्ट असा आवाज आला आणि स्क्रीनच्या खालची पट्टी कोपऱ्यातून वर आली. आतली वायर दिसायला लागली. मशीन चालू होतं, पण झाकण हलवायची भीती. तसंच उघडं ठेवून २० तारीख काढली आणि मग शोरूमला गेले.

काउंटरवरचा मुलगा नम्र होता. म्हणाला, ‘मॅडम, रिपेअरचं आमच्याकडं काय नसतंय बघा. सर्व्हिस सेंटरला जावा लागतंय.’ बाहेर कंपनीचा बोर्ड, मुलाच्या टी-शर्टवर कंपनीचं नाव, भिंतीवर ‘एक वर्षाची वॉरंटी’ असं पोस्टर. आणि तुटलेलं मशीन हातात घेऊन साधी पावती करायचीही सोय नाही. बसायला एक स्टूलही नाही, कारण तिथली सगळी जागा बघणाऱ्यासाठी आणि विकत घेणाऱ्यासाठी मांडलेली आहे.

सर्व्हिस सेंटरला पहिला प्रश्न आला: बिल? मी दाखवलं. तिथल्या बाईंनी मशीन उलटं करून खालचा सिरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकला आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. वॉरंटी जूनमध्येच संपलेली! मशीन मी दिवाळीत घेतलं, एक वर्ष म्हणजे पुढच्या दिवाळीपर्यंत. पण कंपनीच्या रेकॉर्डला वॉरंटी सुरू झाली होती आदल्या जूनमध्ये, माल डिस्ट्रिब्युटरकडे पाठवला तेव्हापासून. गोडाऊनमध्ये पडून राहिलेले महिने माझ्या वॉरंटीतून वजा.

लॅपटॉपच्या धंद्यात हे नवीन नाही. बिल दाखवलं की कंपनी तारीख दुरुस्त करून देते. अट एवढीच की बिलावर त्या मशीनचा सिरियल नंबर छापलेला हवा, म्हणजे हे बिल याच मशीनचं आहे हे सिद्ध होतं. माझ्या बिलावर मॉडेलचं नाव होतं, एचएसएन ८४७१ (जीएसटीत मालाचा प्रकार सांगणारा कोड) होता, नग १, रक्कम ६४,९००. सिरियल नंबर नव्हता.

आता या बिलाबद्दल मला सविस्तर लिहायचंय. हिंज बदलून मिळतं, पण बिल बरोबर नसेल तर ग्राहकाच्या हातात काहीच उरत नाही.

खरेदीच्या दिवशी त्या दुकानात माझ्याकडून काय काय घेतलं ते सांगते. किंमत सांगायच्या आधी मोबाइल नंबर. त्यावर ओटीपी. मग ईमेल. मग जन्मतारीख. मग लग्नाचा वाढदिवस! मे २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं दुकानदारांना स्पष्ट बजावलंय की मोबाइल नंबर दिल्याशिवाय माल देणार नाही असा आग्रह धरता येणार नाही. मी ते बोलून दाखवलं. उत्तर आलं, ‘सिस्टीम पुढं जात नाही, मॅडम.’ त्यानंतर बॅग, माउस, अँटिव्हायरस, एक्स्टेंडेड वॉरंटी, अपघाती नुकसानीचा प्लॅन, एकेक करून पुढे आलं. नो कॉस्ट ईएमआयचा आग्रह झाला. त्यात क्रेडिट कार्डावर बँक व्याजाच्या रकमेवर १८ टक्के जीएसटी लावते आणि वर प्रोसेसिंग फी घेते, हे मात्र कोणी सांगत नाही. त्या मुलांना लॅपटॉपबरोबर अजून काय विकलं याचं टार्गेट असतं. त्यांचा राग मला कधीच आला नाही. दिवसभर उभं राहून, दुसऱ्यानं लिहून दिलेली वाक्यं बोलायची नोकरी आहे ती.

एवढी माहिती टाइप करून घेणाऱ्यांना मी माझा जीएसटीआयएन, म्हणजे जीएसटी नोंदणीचा नंबर, दिला, तेव्हा म्हणाले, ‘आत्ता साधं बिल घ्या, जीएसटीचं मेलवर येईल.’ मी कार्ड पुन्हा पुढे केलं, १५ अक्षरं आहेत, आत्ताच टाका म्हटलं. दिवाळीची गर्दी, मागे रांग, मॅनेजर जागेवर नाही. मेल आला नाही.

ज्यांना हा प्रकार किरकोळ वाटेल त्यांच्यासाठी आकडे. ६४,९०० मध्ये मूळ किंमत ५५,०००, सीजीएसटी ४,९५० आणि एसजीएसटी ४,९५०. म्हणजे ९,९०० रुपये माझं इनपुट क्रेडिट, मला भरायच्या जीएसटीतून वजा होणारी रक्कम. दुकानानं माझा नंबर टाकून बिल केलं आणि ते त्यांच्या जीएसटीआर-१ मध्ये दाखवलं, तरच ते माझ्या २बी मध्ये, म्हणजे पोर्टलवर तयार होणाऱ्या क्रेडिटच्या यादीत, उतरतं. नाहीतर कागद माझ्या हातात असूनही क्रेडिट घेता येत नाही. आणि त्या आर्थिक वर्षाच्या बिलाचं क्रेडिट जास्तीत जास्त पुढच्या ३० नोव्हेंबरपर्यंतच. दहा हजार रुपये म्हणजे माझ्याकडच्या छोट्या दुकानदाराची वर्षभराची फी. ती मी सोडून द्यायची का?

सिरियल नंबरचं आणखी अवघड. जीएसटीच्या नियम ४६ मध्ये बिलावर काय काय असावं याची यादी आहे. त्यात बिलाचा क्रमांक आहे, वस्तूचा सिरियल नंबर नाही. दुकान म्हणतं, आमचं बिल कायद्यानं पूर्ण आहे. कंपनी म्हणते, सिरियल नंबर नसलेलं बिल आम्ही धरत नाही. दोघांचं बोलणं आपापल्या जागी बरोबर, आणि मधे ग्राहक कोरडा. कंपनीला ही अट घालायची असेल तर स्वतःच्या नावाचा बोर्ड लावणाऱ्या दुकानाला तसं बिल छापायला लावणं हे कंपनीचं काम आहे.

दुकानात परत गेले. त्यांनी बिलावर पेनानं सिरियल नंबर लिहून शिक्का मारून दिला. सर्व्हिस सेंटरनं तो नाकारला, प्रिंटेडच लागेल म्हणून. परत दुकान. ‘हेड ऑफिसला मेल टाकलाय.’ हेड ऑफिस कंपनीचं असेल असं मला वाटलं. बिल नीट वाचलं तर वर तिसऱ्याच एका प्रायव्हेट लिमिटेडचं नाव. शोरूम त्यांची फ्रँचायझी आहे, म्हणजे ब्रँडचं नाव वापरून ते चालवतात. बोर्ड एकाचा, पैसे दुसऱ्याला, दुरुस्ती तिसऱ्याकडे, कारण सर्व्हिस सेंटरही कंत्राटावरच चालतं.

आपल्याकडची बहुतेक ब्रँड शोरूम अशीच आहेत, आणि त्याला इतिहास आहे. परदेशी कंपनीला भारतात पूर्ण मालकीचं एकाच ब्रँडचं दुकान काढायला २०१२ मध्ये परवानगी मिळाली, पण ३० टक्के माल इथूनच घ्यायची अट होती. ती २०१९ मध्ये बरीच सैल झाली. अॅपलसारख्या कंपनीचं स्वतःचं पहिलं दुकान भारतात उघडलं ते थेट १८ एप्रिल २०२३ ला, मुंबईत बीकेसीला. पुण्यात कोरेगाव पार्कला सप्टेंबर २०२५ मध्ये. मुंबईचं दुकान उघडेपर्यंत दुकानांतून त्यांचाही माल रीसेलरच, म्हणजे बाहेरचे विक्रेतेच, विकत होते. कंपनीच्या स्वतःच्या दुकानात विक्री आणि दुरुस्ती एकाच छताखाली असते, तक्रार कोणाकडे करायची हा प्रश्न येत नाही. कोल्हापूर, सांगली, साताऱ्यात आपल्या वाट्याला येते ती फ्रँचायझी. फ्रँचायझी असण्यात गैर काही नाही. पण ती फ्रँचायझी आहे हे दारावर, वाचता येईल अशा अक्षरात लिहिलेलं हवं. ऑनलाइनपेक्षा जास्त पैसे मी ‘कंपनीचं दुकान’ म्हणून दिले होते.

मेल, फोन, फेऱ्या सगळं करून थकल्यावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार नोंदवली. मराठीत बोलता आलं. तक्रारीत दोघांनाही धरलं, बिलावरची फर्म आणि ब्रँड. बिल, पेटीवरच्या स्टिकरचा फोटो, मशीनच्या खालच्या स्टिकरचा फोटो आणि मेल जोडले. पुढची तयारीही ठेवली होती: ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही आणि मुदत दोन वर्षांची. तिथवर जावं लागलं नाही. एवढे महिने ज्या हेड ऑफिसकडून एक ओळ आली नव्हती, त्यांचा स्वतःहून फोन आला. जुन्या बिलाची क्रेडिट नोट निघाली, नवीन बिल आलं. त्यावर माझा जीएसटीआयएन आणि खाली छोट्या अक्षरात सिरियल नंबर. म्हणजे सिस्टीममध्ये ती जागा होतीच!

इथून पुढे कंपनीबद्दलचं माझं मत बदललं, तेही लिहायला हवं. नवीन बिल अपलोड केल्यावर वॉरंटीची तारीख लगेच दुरुस्त झाली. एकदा ‘फिजिकल डॅमेज’ म्हणून टाळायचा प्रयत्न झाला, पण मशीनवर कुठे पोचा नाही, ओरखडा नाही, हे फोटोत दाखवल्यावर तो मुद्दा मागे घेतला. आणि मग इंजिनिअर घरी आला. या मॉडेलला ऑनसाइट सर्व्हिस आहे हे शोरूममध्ये मला कोणी सांगितलंच नव्हतं. विकताना तेच पहिलं सांगायला हवं होतं!

त्या मुलाचं काम बघण्यासारखं होतं. डायनिंग टेबलवर रबरी मॅट पसरली, काढलेला प्रत्येक स्क्रू मॅटवरच्या खुणेवर ठेवला. बेस उघडून मला बोलावलं आणि दाखवलं: हिंज लोखंडी आणि कडक, ते ज्या छोट्या पितळी नटांत बसतं ते नट प्लॅस्टिकमध्ये दाबून बसवलेले. झाकण उघडताना दर वेळी ओढ प्लॅस्टिकवर येते. डावीकडचे दोन नट प्लॅस्टिकचा तुकडा घेऊनच उपटून आले होते. ‘तुमची चूक काय नाही ह्यात, ताई,’ म्हणाला. ‘झाकण कोपऱ्यातून उघडू नका, मधोमध धरून उघडा, ओढ दोन्हीकडं सारखी पडती.’ हिंज आणि पूर्ण कव्हर बदललं, तासाभरात मशीन चालू, एक रुपया घेतला नाही. चहा घेतला तेवढाच. तेव्हापासून मी झाकण मधोमध धरूनच उघडते, आणि नवीन हिंज पहिल्यापेक्षा हलकं चालतंय.

त्यामुळे मार्क वेगवेगळे देते. लॅपटॉपला पाचपैकी साडेतीन. हिंजची रचना कच्ची आहे, नाहीतर चार दिले असते. घरी येणाऱ्या सर्व्हिसला पाच. शोरूमला एक. नवीन कोणी घेणार असेल तर मशीन घ्यायला माझी हरकत नाही. ब्रँड शोरूममधूनच घ्यायचं असेल तर कार्ड स्वाइप करायच्या आधी बिलाचा ड्राफ्ट स्क्रीनवर बघा: सिरियल नंबर, जीएसटी लागत असेल तर आपला नंबर, आणि वर विकणाऱ्या फर्मचं नाव. पेटी सील असतानाच बाहेरच्या स्टिकरवरून वॉरंटीची तारीख साइटवर तपासता येते. ते करेपर्यंत पैसे देऊ नका.

९,९०० रुपये पुढच्या महिन्याच्या २बी मध्ये दिसले, क्रेडिट घेतलं. दुकानानं मात्र पद्धत बदललेली नाही. परवा माझ्या एका क्लायंटनं तिथूनच टॅबलेट घेतला आणि काउंटरवरून मला बिलाचा फोटो पाठवला. सिरियल नंबर नव्हता. त्यांना तिथंच थांबायला सांगितलं, मॅनेजरला फोनवर घेतलं आणि नवीन बिल छापून हातात पडल्यावरच ते बाहेर पडले.