वयोश्री: शिबिरातलं साहित्य घ्यावं की तीन हजार रुपये?

घरातल्या थकलेल्या माणसाला वॉकर किंवा कमोड खुर्ची हवी असेल, तर दोन वाटा आहेत. केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ पासून चालू आहे, ती साठीनंतरच्या कमी उत्पन्नाच्या माणसांना शिबिरात वस्तू फुकट देते. राज्याची मुख्यमंत्री वयोश्री २०२४ ची. ६५ वर्षांवरच्यांना, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असेल तर, एकदाच ३,००० रुपये खात्यात येतात आणि वस्तू आपण आणायची.

श्रवणयंत्र किंवा व्हीलचेअर हवी असेल तर माझ्या मते शिबिरच बरं. चांगलं श्रवणयंत्र तीन हजारांत बसत नाही.

वॉकरचं मात्र वेगळं आहे. शिबिराला दोनदा जावं लागतं, आधी तपासणीला आणि मग वाटपाला. सातारा जिल्ह्यातल्या जावळी-पाटणच्या वाडीवरून गुडघे धरलेल्या माणसाला एसटीत चढवून दोनदा आणायचं, तेही चालता येत नाही म्हणून! त्यात मधे बरेच महिने जातात. तपासणीत काठी लिहिलेली असते आणि वाटपापर्यंत वॉकरची गरज पडलेली असते. साताऱ्याच्या पेठांतल्या जुन्या घरांत मोरीचं दार जेमतेम दोन फुटांचं, त्यात उंबरा. ते माप शिबिरात कुणी विचारत नाही. मग वॉकर दारात अडतो आणि माळ्यावर जातो. पुढे राज्याच्या योजनेत वॉकर मागावा, तर तीच वस्तू गेल्या तीन वर्षांत सरकारकडून फुकट मिळालेली नसावी ही अट आडवी येते. आम्ही पैशांची वाट धरली ती यामुळेच.

दुकानात जाण्याआधी मोरीच्या दाराची आतली रुंदी मोजा. वॉकर त्याहून दोन-तीन इंच अरुंद हवा. माणूस ताठ उभा राहून हात सैल सोडेल तेव्हा मनगटाच्या घडीशी मूठ यायला हवी. कमोड खुर्चीवर बसल्यावर दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकायला हवेत. वॉकरच्या आणि खुर्चीच्या पायांचे रबरी बूट झिजतात आणि ओल्या फरशीवर घसरतात, म्हणून जादा जोड तेव्हाच घ्या. साधा वॉकर आणि साधी खुर्ची मिळून तीन हजारांत बहुधा बसतात.

पैसे अडतात ते खात्यावर. खात्याला ओळखीसाठी आधार जोडलेलं असणं वेगळं आणि थेट लाभासाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी (डीबीटी), जोडलेलं असणं वेगळं. पासबुक जिल्हा बँकेचं दिलं तरी रक्कम थेट लाभासाठी शेवटी जोडलेल्या खात्यात जाते, आणि ते खातं बऱ्याचदा कुणाच्या लक्षातही नसतं. बँकेत हेच स्पष्ट विचारा. खरेदीचं बिल लाभार्थ्याच्या नावाने घ्या आणि पैसे आल्यापासून ३० दिवसांत द्या, नाहीतर वसुली होऊ शकते. अर्ज सध्या घेत आहेत का, हे सहायक आयुक्त, समाजकल्याण यांच्या कार्यालयात आधी विचारा. ही चौकशी घरातल्या कुणीही करावी, म्हाताऱ्या माणसाला त्यासाठी नेऊ नका.