पेटीवरून पियानोकडे: लीड शीट की पार्तिमेंतो?

पेटीवर हात बसलेला माणूस पियानोकडे वळला की त्याला मनाने वाजवायची घाई होते. मलाही झाली होती. मी दोन वाटांनी जाऊन पाहिलं. एक जॅझची, लीड शीट (नुसती चाल आणि कॉर्डची नावं लिहिलेला कागद) आणि सोबतीला बॅकिंग ट्रॅक, म्हणजे साथीचं ध्वनिमुद्रण. दुसरी अठराव्या शतकातल्या इटलीतल्या नेपल्सची, नुसत्या बेसवरून, म्हणजे सर्वांत खालच्या सुरांच्या ओळीवरून, वाजवायला शिकवणाऱ्या पार्तिमेंतोची.

जॅझमध्ये गोडी लवकर लागते. डी मायनर सेव्हन, जी सेव्हन, सी मेजर सेव्हन एवढे तीन कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) बोटांत आले की आठवडाभरात काहीतरी सुरेल निघू लागतं. पहिल्या कॉर्डमधला सी एक पायरी उतरून बी होतो, एफ जागीच थांबतो आणि शेवटी तोही ई वर येतो. हे कानाला उमगलं ती संध्याकाळ मला अजून आठवते. बँडमध्ये वाजवायचं असेल तर हीच वाट धरा.

माझं अडलं ते डाव्या हातापाशी. पेटीवर तो भात्यालाच जुंपलेला. ट्रॅकमध्ये बेस आयता मिळतो, म्हणून इथेही तो नुसता कॉर्ड धरून बसायचा. वर्षभराने ट्रॅक बंद करून वाजवायला घेतलं, तर चार मात्रांत सगळं कोसळलं. मी वाजवत होतो ते अर्धंच होतं. याचं फार वाईट वाटलं.

पार्तिमेंतोत कागदावर फक्त बेसची ओळ असते, वरचं सगळं वाजवता वाजवता आपण शोधायचं. नेपल्सच्या संगीतशाळा मुळात अनाथाश्रम होत्या. तिथली मुलं असंच शिकली. तिथले शिक्षक फेनारोली यांचे नियम १७७५ साली छापले गेले. त्यातला सप्तकाचा नियम, म्हणजे बेसच्या कुठल्या सुरावर कोणता कॉर्ड घ्यायचा ते, आपल्याला परका वाटत नाही, कारण आरोह-अवरोहाचा फरक आपल्या अंगात मुरलेला असतो. सी मेजरमध्ये बेस चढताना ‘म’वर एफ-ए-सी-डी, उतरताना त्याच ‘म’वर एफ-जी-बी-डी. डावा हात पुढे, उजवा त्याच्यामागे.

शिकवणारे मात्र सहज मिळत नाहीत, आणि पहिले काही महिने सगळं धड्यासारखंच ऐकू येतं. तरी माझ्यापुरतं सांगायचं तर, आज कुठल्याही पियानोपुढे मी एकटा बसू शकतो.

ठरवण्याआधी एक करून पाहा. उजवा हात मांडीवर ठेवा, डाव्याने सा ते सा सावकाश चढा-उतरा आणि वरचा सूर गळ्याने शोधा. रमलात तर फेनारोली उघडा. दहा मिनिटांत कंटाळलात तर लीड शीट घ्या.